नुसते म्हणून टाकायला काय हरकत होती?

19 फेब्रुवारी 2018 रोजी नायजेरियाच्या योबे राज्यातील दापची या गावी सशस्त्र टोळीने मुलींच्या सरकारी शाळेवर हल्ला केला आणि 110 मुलींना पळवून नेले. त्यांपैकी पाच जणी दगावल्या. महिनाभराने, 21 मार्च रोजी, त्याच टोळीने उरलेल्या जवळजवळ सर्व मुलींना पुन्हा गावात आणून सोडले. लिआ शारिबू ही चौदा वर्षांची ख्रिस्ती मुलगी मात्र परतली नाही. तिने आपला धर्म सोडून इस्लाम स्वीकारावा, ही तिच्या सुटकेची अट होती आणि ती तिने नाकारली. तिच्याबरोबर पकडल्या गेलेल्या, बहुतांशी मुसलमान असलेल्या वर्गमैत्रिणींनी सुटून आल्यावर तिच्या आईला सांगितले की आम्ही तिला खूप विनवले. ते लोक सांगतात ते शब्द म्हण, डोक्यावरून ओढणी घे आणि आमच्याबरोबर गाडीत बस, बाकीचे घरी गेल्यावर पाहू. ती बसली नाही. त्यानंतर इतकी वर्षे लोटली, पण ती घरी पोहोचल्याचे वृत्त आजतागायत नाही.

या घटनेतील सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट मला त्या मैत्रिणींची विनवणी वाटते. त्या मुली तिच्या वैरिणी नव्हत्या. उलट ती जगावी म्हणून त्यांचा जीव तुटत होता. त्यांनी जे सुचवले ते व्यवहारी शहाणपणच होते: चार शब्द तोंडाने म्हणायचे, मनात जे आहे ते मनात ठेवायचे आणि प्राण वाचवायचा. कोणतीही आई आपल्या लेकीला हेच सांगेल, आणि तिने ते सांगावेही. परंतु हीच मागणी बंदूकधाऱ्याच्या तोंडून येते तेव्हा तिचा अर्थ पालटतो. त्याला त्या मुलीच्या अंतःकरणाशी काही देणेघेणे नसते. भीतीपोटी उच्चारलेल्या शब्दांनी कोणाची श्रद्धा बदलत नाही, हे तोही जाणतो. त्याला हवी असते शरणागती, आणि ती सहज पदरात पडावी म्हणूनच तो मागणी लहान ठेवतो. चार शब्द, एक सही, एक नमस्कार. मागणी इतकी क्षुल्लक करायची की नकार देणाराच हेकट दिसावा आणि धमकी देणारा मात्र समजूतदार ठरावा. धर्मस्वातंत्र्याच्या प्रश्नाची चर्चा करताना ही लहान मागणीची युक्ती आपण पुरेशी ओळखत नाही, असे माझे मत आहे.

नागपूरकरांनी तरी ती ओळखायला हवी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कुशीनाराच्या महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यानंतर स्वतः लाखो अनुयायांना ती दिली. येवल्याच्या 1935 च्या घोषणेपासून या दिवसापर्यंतची एकवीस वर्षे आपण अनेकदा ऐकली आहेत. त्या मानाने दीक्षाभूमीवरून आपापल्या गावी परत गेलेल्या तरुणांचे पुढचे दिवस आपण फारसे सांगत नाही. उमरेड, भिवापूर, पवनी, मौदा, काटोल या भागांतील कुटुंबांत आजही वयोवृद्ध माणसे ते सांगतात. घरातील देव्हारा उतरवला गेला. मेलेली गुरे ओढणार नाही, असे गावाला तोंडावर सांगितले गेले, आणि सांगणारे बहुधा घरातील तरुण होते. थोरल्यांना गावाची सवय होती आणि गावाचे भयही होते. त्यावर अनेक गावांनी जे उत्तर दिले त्याला हत्यार लागत नव्हते. मजुरी बंद, उधारी बंद, दळण बंद, पाण्याची वाट बंद. त्यातून सुटण्यासाठी मागितले जात होते तेही थोडेच: सणाला पूर्वीसारखे या, हात जोडा, नेमून दिलेले काम करा, तुमच्या घरात तुम्ही कोणाचा फोटो लावता ते आम्ही विचारत नाही.

या तरुणांकडून दुसरी किंमत कागदावर वसूल केली गेली आणि ती अधिक काळ वसूल होत राहिली. 1950 च्या अनुसूचित जातींसंबंधीच्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणाऱ्या व्यक्तीला अनुसूचित जातीत गणले जात नव्हते. 1956 मध्ये त्यात शीख धर्माची भर पडली. बौद्धांचा समावेश व्हायला 1990 साल उजाडावे लागले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर राज्य सरकारने आपल्या अखत्यारीतील सवलती बौद्धांना लागू केल्या. परंतु केंद्राच्या नोकऱ्यांचा दरवाजा दीक्षेनंतर चौतीस वर्षे बौद्ध म्हणून नोंद करणाऱ्यासाठी बंद राहिला. नागपुरातून रेल्वेत, टपाल खात्यात किंवा अंबाझरीच्या आयुध निर्माणीत नोकरी मिळवू पाहणाऱ्या मुलासाठी ही बाब किती मोठी होती, हे सांगायला नको. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म व जात असा एक रकाना असतो. त्या रकान्यात काय लिहायचे यावरून घराघरांत वाद झाले. ‘लिहून टाक ना बाबू हिंदू-महार, कागदावर लिहिल्यानं काय होते? नोकरी लागू दे, मग काय ते पाहू,’ असे बाप काकुळतीने म्हणायचा, आणि मुलगा मान खाली घालून, पण ठामपणे, बौद्धच लिहायचा. मुलगी असेल तर तिला वरून हेही ऐकावे लागे की तुझ्या हट्टापायी धाकट्या भावंडांचे नुकसान होईल. दापचीच्या मैत्रिणींची विनवणी आणि या बापाची विनवणी यांत मला मूलतः फरक दिसत नाही. दोन्हीकडे माया आहे. दोन्हीकडे मायेच्या पाठीमागे, दिसेल न दिसेल अशी, बळजबरी उभी आहे.

अनेकांनी त्या रकान्यात हिंदू-महार लिहिले आणि वस्तीतील विहारात वंदनेलाही गेले. त्यांना मी दोष देणार नाही, आणि इतर कोणी देऊ लागला तर त्याचे ऐकूनही घेणार नाही. दापचीतून परतलेल्या कोणत्याही मुलीला तिने तिकडे काय म्हटले असा प्रश्न विचारणे जितके निर्दयपणाचे, तितकेच हेही. पोटाला चिमटा घेऊन निष्ठा राखणाऱ्याचे कौतुक जरूर करावे; पण ज्याला ते जमले नाही त्याला उणा ठरवण्यासाठी ते कौतुक वापरू नये. धैर्य हे ज्याचे त्याने स्वतःकडून मागायचे असते. दुसऱ्याच्या मुलाकडून, आणि स्वतःच्याही मुलाकडून, ते मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. आपल्याकडे कोवळ्या वयातील हौतात्म्याच्या गोष्टी मुलांना सांगताना हा विवेक फार वेळा सुटतो, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. चौदा वर्षांच्या मुलीची श्रद्धा तिची असते कुठे? ती घरातून आलेली, संस्कारातून भिनलेली. मग तिच्या नकाराला धैर्य म्हणायचे की केवळ सवय? आक्षेप टाळण्यासारखा नाही, कारण श्रद्धा सहसा वारशानेच येते हे खरे आहे. पण मातृभाषाही वारशानेच येते, आणि तिच्यात माणूस जे स्वतः बोलतो ते त्याचेच असते. वारशाने आलेली श्रद्धा माणसाची स्वतःची केव्हा होते, तर ती टिकवण्याचा भुर्दंड त्याच्या एकट्याच्या माथी येतो तेव्हा. लिआच्या आईवडिलांनी तिला नकार द्यायला सांगितले नव्हते. ते तिथे नव्हतेच. दाखल्यावर बौद्ध लिहिणाऱ्या मुलाचा बाप तर उलट सांगत होता. ज्या क्षणी घरचे कोणी पाठीशी नसते किंवा घरचेच समोर उभे असतात, त्या क्षणी घेतलेल्या निर्णयाला संस्कार म्हणून मोडीत काढता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या चौदाव्या अनुच्छेदाने मुलांचेही विचार, विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य मान्य केले आहे, आणि भारताने ती संहिता 1992 मध्ये स्वीकारली आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तर याहून अवघड प्रसंगी मुलांच्या विवेकाला संरक्षण दिले. केरळमधील एका शाळेत यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी इतरांबरोबर उभी राहत, पण गात नसत, कारण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे असे गायन केवळ ईश्वरासाठी असते. जुलै 1985 मध्ये त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. ऑगस्ट 1986 मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्याचा निकाल देताना न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी मुलांच्या बाजूने कौल दिला. आदराने उभे राहून मौन पाळणे हा राष्ट्रगीताचा अवमान होत नाही, हे त्यात आहेच. मला त्याहून मोलाचा वाटतो तो न्यायालयाने लावलेला निकष. एखादी श्रद्धा आपल्या बुद्धीला किंवा भावनेला पटते का, हा प्रश्नच गौण आहे. ती प्रामाणिकपणे आणि विवेकपूर्वक बाळगलेली आहे का, एवढेच पाहायचे. मी स्वतः राष्ट्रगीत मोठ्याने गातो आणि त्या मुलांचे धर्मशास्त्र मला पटत नाही. म्हणूनच तो निकष मला महत्त्वाचा वाटतो. जे पटते त्याचे स्वातंत्र्य मान्य करायला कोणत्याच संविधानाची गरज पडत नाही.

येथवर बहुतेक वाचक माझ्याशी सहमत असतील, कारण नायजेरिया दूर आहे, केरळ दूर आहे आणि 1956 हे वर्षही आता दूर गेले आहे. अडचण जवळ आल्यावर सुरू होते. मराठी माणसाला धर्मनिष्ठेसाठी सोसलेल्या यातना म्हटले की प्रथम छत्रपती संभाजी महाराज आठवतात. औरंगजेबाच्या कैदेत हाल सोसून मार्च 1689 मध्ये त्यांनी मृत्यू पत्करला तेव्हा त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते. ही आठवण आपल्या रक्तात आहे आणि ती असलीच पाहिजे. परंतु त्याच मार्च महिन्यात, 2025 साली, खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून पेटलेल्या वादात 17 तारखेला नागपूरच्या महाल भागात काय झाले, तेही आपण पाहिले आहे. आंदोलन झाले, धार्मिक मजकुराचे वस्त्र जाळल्याची अफवा पसरली, संध्याकाळी दगड आले, गाड्या जळल्या, पोलीस जखमी झाले, अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली आणि जखमींपैकी एका नागरिकाचा पुढे रुग्णालयात मृत्यू झाला. कोणाचा अपराध किती, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. मला बोलायचे आहे ते त्या रात्री दोन्ही बाजूंनी रस्त्यावर उतरलेल्या विशी-पंचविशीतील मुलांविषयी. आपण आपल्या श्रद्धेसाठी निर्भयपणे उभे आहोत, असे त्या प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटत असणार. तसे ते नव्हते. श्रद्धेपायी जे सोसायचे ते संभाजी महाराजांनी स्वतःच्या देहावर सोसले. महालातला दगड मात्र दुसऱ्याच्या दारावर पडला. मी माझा धर्म सोडणार नाही, असे म्हणणारा माणूस स्वतःला पणाला लावतो. तू तुझा धर्म माझ्या डोळ्यांसमोर पाळायचा नाहीस, असे म्हणणारा दुसऱ्याला पणाला लावतो. पहिल्याला निष्ठा म्हणतात. दुसऱ्याला निष्ठेचे नाव देणे हा ज्यांनी सोसले त्यांचा अपमान आहे, मग तसे नाव देणारा कोणत्याही धर्माचा असो.

याच कारणासाठी 26 डिसेंबरला शाळाशाळांतून पाळल्या जाणाऱ्या वीर बाल दिनाविषयी माझे एक आग्रहाचे म्हणणे आहे. गुरू गोविंदसिंगांचे धाकटे पुत्र जोरावरसिंग आणि फतेहसिंग यांनी सरहिंदच्या वजीरखानापुढे धर्म सोडण्यास नकार दिला आणि त्या कोवळ्या मुलांना मारण्यात आले, ही कथा 2022 पासून देशभर सांगितली जाते. ती सांगावीच. मात्र शीख परंपरेने या कथेत मालेरकोटल्याचा नवाब शेर मुहम्मद खान यालाही जपून ठेवले आहे. तो गुरूंच्या विरोधात लढलेला होता, वजीरखानाच्या बाजूचा होता, आणि तरीही मुलांना मारणे हे धर्माला धरून नाही असे त्याने भर दरबारात सांगितले. शीख समाज त्याचे ऋण आजही मानतो. ज्या शाळेत ही कथा नवाबाला वगळून सांगितली जाते, तिथल्या मुलांना केवळ एक शत्रू मिळतो. नवाबासह सांगितली तर समोरच्या बाजूचे मूल संकटात असताना आपण काय करायचे, याचे उत्तरही मिळते. आपल्या शहरातील बहुतेक मुलांवर श्रद्धेसाठी प्राण देण्याची वेळ कधीच येणार नाही. नवाबाच्या जागी उभे राहण्याची वेळ मात्र जवळजवळ प्रत्येकावर येणार आहे.

ती वेळ कशी येते, याचे एक साधे उदाहरण सांगतो. भंडारा जिल्ह्यातील एक विद्यार्थिनी स्पर्धापरीक्षेच्या तयारीसाठी नागपुरात दोघींबरोबर खोली घेऊन राहत होती. खोली देताना तिचे आडनाव विचारले गेले नव्हते, पुढे ते कळले. तिच्या टेबलावर, पुस्तकांच्या मागे भिंतीला टेकवून, बुद्ध आणि बाबासाहेब यांची एक हातभर चौकट होती आणि रोज सकाळी ती त्यापुढे मेणबत्ती लावून त्रिसरण-पंचशील म्हणत असे, तेही हळू आवाजात. घरमालकीणबाईंनी एके दिवशी अगदी गोड शब्दांत सुचवले की बेटा, तो फोटो तेवढा कपाटात ठेव, वंदना काय, मनातही होते. आमच्याकडे पूजेला माणसे येतात. नाहीतर महिना संपला की दुसरीकडे बघ. खोलीतल्या दोघींचे म्हणणे पडले की ठेव ना कपाटात, परीक्षा तोंडावर आहे. तिने फोटो ठेवला नाही, खोली सोडली आणि परीक्षेच्या ऐन आधी तिचे दोन आठवडे जागा शोधण्यात गेले. तिने तक्रार केली नाही की कुठे वाच्यता केली नाही. बंदुकीपुढे उभ्या असलेल्या मुलीच्या शेजारी हे उदाहरण ठेवणे काहींना अप्रस्तुत वाटेल, आणि संकटाच्या आकाराचा विचार केला तर ते दोन जगांतले अंतर आहे, हे मलाही मान्य आहे. तरी मागणी तीच होती: थोडेसेच करायचे आहे, नुसते आत ठेवून दे. या प्रसंगी तिच्या खोलीतल्या दोघींपैकी एकीने जरी मालकीणबाईंना म्हटले असते की फोटो राहील किंवा आम्ही तिघीही जाऊ, तर बहुधा तो फोटो तिथेच राहिला असता. खोल्या रिकाम्या ठेवणे कोणालाच परवडत नाही.

हीच कसोटी उलट दिशेनेही लावावी लागते आणि तिथे माझ्या जवळचे लोकही अवघडतात. बौद्ध घरात वाढलेली मुलगी येशूच्या प्रार्थनेला जाऊ लागली, मुसलमान घरातील मुलाने नमाज सोडला, हिंदू घरातील मुलाला कोणताच देव नको झाला किंवा पुरोगामी, नास्तिक घरातील मुलगी मनापासून वारी करू लागली, तर तिथेही धमकी येते. घरातून निघून जा, लग्नात कोणी येणार नाही, आईला काही झाले तर तू जबाबदार. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य प्रथम सांगितले आहे आणि धर्माचे प्रकटीकरण, आचरण व प्रसार त्यानंतर. श्रद्धा राखण्याचे आणि श्रद्धा बदलण्याचे स्वातंत्र्य एकच आहे. दीक्षाभूमी ज्या शहरात आहे, त्या शहराने हे इतरांना समजावून सांगायला हवे. पण धर्म बदलणाऱ्या तरुणाच्या घरी जाऊन सर्वांत आधी ओरडणारे अनेकदा आपल्यातलेच असतात.

कायदा अपुरा आहे असे नाही. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियम केला असून तो 2017 पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. विद्यार्थ्यांपुरते बोलायचे तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी विनियमांत 2016 मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार धर्म किंवा जात यांच्या आधारावर विद्यार्थ्याला त्रास देणे, डावलणे किंवा एकटे पाडणे हेही रॅगिंगच ठरते. ही गोष्ट नागपुरातील किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल, याविषयी मला शंका आहे. रॅगिंग म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांची थट्टा, एवढाच अर्थ अजून रूढ आहे. महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळी भरून घ्यायच्या हमीपत्राबरोबर ही दुरुस्ती मराठीत छापून द्यावी, वसतिगृहाच्या फलकावर तक्रार कोणाकडे करायची त्या प्राध्यापकांचे नाव आणि फोन लावावा, आणि खासगी खोल्यांत राहणाऱ्या मुलामुलींनाही तिथे येऊन बोलता येईल हे स्पष्ट लिहावे. खासगी घरमालकाला ते विनियम लागू होत नाहीत, हे खरे. पण एखाद्या प्राध्यापकाने घरमालकाला केलेल्या एका फोनने जे काम होते ते कायद्याने वर्षभरातही होत नाही, आणि असा फोन करणारे प्राध्यापक या शहरात आहेत. मुलींना ते कोण आहेत हे अगोदर कळले पाहिजे, जुलैत प्रवेश घेतानाच.